विमानाच्या चाकातला ड्रम आणि बैलगाडीची धाव

जुलैतली गोष्ट. शेजारचा मुलगा पावसाची उघडीप बघून अंगणात वडिलांची जुनी स्कूटर घेऊन बसला होता. मागचं चाक सुटलं होतं, ब्रेकचा ड्रम मात्र सुटत नव्हता, आणि हा पठ्ठ्या हातोड्याने त्याच्या कडेवर ठण्ण ठण्ण घाव घालत होता. मी पडवीतूनच ओरडलो, "अरे रव! हातोडो ठेव खाली."

"काका, गंजलो हा तो. सुटणा नाय."

"मग मारून सुटतलो काय? फुटतलो."

माझी सगळी नोकरी विमानांच्या चाकांशी झटण्यात गेली. त्यात जुन्या पंखेवाल्या विमानांच्या चाकांचे ड्रमही आले. ते काढताना मी हातोडा कधीच मारला नाही असं सांगितलं तर खोटं ठरेल. एकदा मारला, आणि त्याची गोष्ट पुढे येईलच. पण त्या दिवशी चहा होईस्तोवर त्या पोराला जे सांगितलं, ते इथे जरा नीट मांडतो.

ड्रम म्हणजे काय ते आधी. चाकाबरोबर फिरणारं लोखंडी किंवा पोलादी कडं, खोल परातीसारखं. त्याच्या आत न फिरणारे ब्रेकशू बसतात. ब्रेक दाबला की शू बाहेरच्या बाजूला पसरतात, ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात आणि चाक थांबतं. स्कूटरला हेच, एसटीला हेच, आणि १९३०-४०च्या दशकांतल्या बहुतेक विमानांनाही हेच. त्याहून जुन्या घडणीच्या विमानांना ब्रेकच नसत. १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं टायगर मॉथ घ्या. गवताच्या मैदानावर उतरायचं आणि शेपटीखालची लोखंडी पट्टी जमिनीवर घासत थांबायचं. पक्क्या धावपट्ट्या आल्या, विमानं जड झाली, तेव्हा चाकात ब्रेक शिरला.

विमानवाल्यांनी एक वेगळी जातही वापरली, ती माझी आवडती. तिच्यात दोन मोठे शू नसतात. चाकाच्या आत गोल रबरी नळी असते, सायकलच्या ट्यूबसारखी पण चपटी आणि जाड. तिच्यावर घासणाऱ्या अस्तराचे छोटे छोटे ठोकळे ओळीने मांडलेले. नळीत तेल किंवा हवा दाबाने भरली की ती फुगते आणि सगळे ठोकळे एकदम चहूबाजूंनी ड्रमला भिडतात. दाब सोडला की पट्टीच्या स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांत, अगदी स्पिटफायरमध्येसुद्धा, ब्रेक हवेच्या दाबावर चालायचा. पायलटच्या हातातल्या, विमान वळवायच्या दांड्याच्या मुठीवर सायकलच्या ब्रेकसारखी एक कळ असायची, आणि डावं चाक जास्त धरायचं की उजवं, ते पायाखालच्या पट्ट्यांवरून ठरायचं.

आता मुख्य मुद्दा. विमानाचं चाक हलकं हवं, म्हणून ते अॅल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओतलेलं असतं. पण हे मऊ धातू ब्रेकचं घासणं सोसत नाहीत. त्यासाठी पोलादच लागतं. म्हणजे मऊ, हलक्या चाकाच्या पोटात कडक, जड ड्रम असं हे लग्न आहे. काही चाकांत ड्रम बोल्टने धरलेला असतो, काहींत रिव्हेटने, आणि काहींत नुसता आवळून बसवलेला. पहिल्या दोन प्रकारांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मजा आहे ती आवळून बसवलेल्या ड्रमची, आणि ती समजायला आपल्याकडची बैलगाडी पुरे.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला लोहारसाळ होती. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असली की आम्ही पोरं शाळा सोडून तिथे. जांभ्या दगडाच्या तुकड्यांवर धाव आडवी मांडायची, वरून खालून शेण्या आणि नारळाची सोडणं रचायची आणि पेटवायचं. धाव लाल व्हायला आली की तिघं जण तीन बाजूंनी सांडशींनी उचलायचे आणि चाकावर ठेवायचे. थंड असताना जी धाव चाकाहून लहान होती, ती आता सैल बसायची. लगेच घागरींनी पाणी. वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचं, आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत प्रत्येक सांधा घट्ट व्हायचा. खिळा नाही, बोल्ट नाही. नुसत्या आकसण्याच्या जोरावर ती धाव वर्षानुवर्षं टिकायची.

विमानाच्या चाकात तेच तत्त्व, फक्त उलटं. गाडीला लोखंड बाहेर आणि लाकूड आत. इथे पोलादाचा ड्रम आत आणि हलक्या धातूचं चाक बाहेर. म्हणून तापवायचं ते चाक.

थोडं गणित करू, कारण अंदाजाने हे काम होत नाही. ड्रमचा व्यास ३०० मिलिमीटर धरा. आपल्याकडचं ३० अंशांचं तापमान १०० अंशांवर नेलं, तर अॅल्युमिनियमच्या चाकातली ड्रमची जागा सुमारे ०.४८ मिलिमीटरने मोठी होते. मॅग्नेशियमचं चाक असेल तर ०.५५. पोलादाचा ड्रम तेवढाच तापला तरी वाढतो फक्त ०.२५. म्हणजे दोघांना एकत्र तापवलं तरी मध्ये पाव मिलिमीटरची सवलत मिळते. ऐकायला काहीच नाही. पण ड्रम त्याच्या जागेपेक्षा मोठा ठेवलेला असतो तोही जेमतेम केसाच्या जाडीच्या हिशेबात, त्यामुळे पाव मिलिमीटर म्हणजे दिंडी दरवाजा.

याच्यावर वरकडी करायची असेल तर तापलेल्या चाकातल्या ड्रमच्या पोटात बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. बर्फ मासळी बाजारात हवा तेवढा मिळतो. पोलाद आकसतं, चाक अजून फुगलेलंच असतं, आणि चाक पालथं धरलेलं असेल तर ड्रम स्वतःच्या वजनाने खालच्या गोणपाटावर येऊन पडतो. तो 'थप' असा आवाज ऐकण्यासारखा असतो. पण हे सगळं मिनिटभरात उरकावं लागतं. गार व्हायला पाहिजे होता ड्रम आणि बोलत बसल्यामुळे चाकही गार झालं, तर पुन्हा पहिल्यापासून.

ड्रम चाकाच्या आत नसून चाकाच्या गळ्यावर बाहेरून चढवलेला असेल तर मात्र सावध. तिथे चाक तापवलं तर ते आतून फुगून ड्रमला आणखी आवळतं. तिथे चाक गार आणि ड्रम गरम हवा, अगदी धावेसारखा. कोण आत आणि कोण बाहेर हे पाहिल्याशिवाय कुठलीच गोष्ट तापवायची नाही.

कशाने तापवायचं? अॅल्युमिनियमला उकळतं पाणी उत्तम, कारण पाणी शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही आणि चूक करायला वावच राहत नाही. मॅग्नेशियमला पाण्याचं वावडं, त्याला गरम हवेचा ओव्हन. मला एकाने सुचवलं होतं, पाववाल्याच्या भट्टीत ठेवू या की! ती भट्टी दोनशे अंशांच्या वर असते. चाकाचे हे मिश्रधातू मुद्दाम उष्णतेचे संस्कार देऊन कणखर केलेले असतात. तेवढ्या आचेत ठेवले की तो कणखरपणा उतरू लागतो, आणि वरून बघून काही कळत नाही. आणि गॅसची ज्योत तर मॅग्नेशियमच्या जवळही न्यायची नाही. अखंड चाक सहजी पेटत नाही, पण त्याची कीस-भुकटी पेटते. ती पेटली तर पाणी ओतायचं नाही, त्याने आग भडकते. कोरडी वाळू टाकायची. कोरडी म्हणतोय मी, किनाऱ्यावरून आत्ता भरून आणलेली नव्हे.

पण ड्रम अडकतो तो फक्त आवळल्यामुळे नाही, आणि इथे आपला किनारा आडवा येतो.

ट्रॉलरवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, बोटीच्या बुडाला पंख्याजवळ जस्ताच्या वड्या का लावतात. तो सांगेल, त्या खाऊन जातात म्हणून पंखा वाचतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात जो धातू जास्त उतावळा तो झिजतो, दुसरा मजेत राहतो. या उतावळेपणात मॅग्नेशियम सगळ्यांच्या पुढे, मग जस्त, मग अॅल्युमिनियम, आणि लोखंड बरंच मागे. म्हणजे पोलादी ड्रम आणि मॅग्नेशियमचं चाक यांच्या फटीत समुद्राची हवा शिरली की चाक हीच जस्ताची वडी झाली. ते आतून पोखरतं, पांढरी भुकटी होते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते. फट भरते, फुगते, आणि ड्रम पाचर मारल्यासारखा बसतो. स्कूटरच्या चाकाची पांढरी भुकटी हीच. पोराला दाखवली तर म्हणाला, मला वाटलं मीठ साठलंय. अगदीच चूक नव्हतं त्याचं.

गोव्यात दाभोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर १९९८ साली सुरू झालेलं नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे जाल तर सीलँड हे विमान जरूर बघा. १९५३ साली नौदलाच्या हवाई शाखेत आलेली ही पहिली विमानं, एकूण १०. पाण्यावरही उतरायची आणि जमिनीवरही. चाक घेऊन समुद्रात उतरणाऱ्या विमानाची देखभाल म्हणजे काय, हे चाकांच्या जवळ उभं राहिल्यावर कळतं. इतरांना खारी हवा लागते, याला तर थेट आंघोळच.

तर, पांढऱ्या भुकटीने धरलेला ड्रम नुसत्या गरम पाण्याने लगेच सुटत नाही. आधी फटीत पातळ, झिरपणारं तेल सोडायचं आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी पुन्हा सोडायचं. मग तापवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा तेल. दोन-तीन फेऱ्यांत भुकटी तडकते. काही ड्रमना दोन रिकामी आटेवाली भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून एकदा इकडे पाव फेरा, एकदा तिकडे पाव फेरा असं आवळत गेलं की ड्रम सरळ वर उचलला जातो. एकाच बाजूने ओढलं तर तिरका होऊन आणखी रुततो, माजघरातल्या जुन्या खणासारखा.

आता माझ्या हातोड्याची गोष्ट. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. शुक्रवारची दुपार, मला संध्याकाळची गाडी पकडून गावी यायचं होतं, आणि ड्रम तेल पिऊनही हलेना. लाकडी मोगरी बाजूलाच होती. मी उचलला पोलादी हातोडा. दुसऱ्या घावाला ड्रम हलला नाही, पण चाकाच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडाला. मॅग्नेशियम ठिसूळ असतं हे वर्गात ऐकलेलं, तेव्हा पाहिलं. चाक बाद. गाडी तर चुकलीच, वर शिमगाही तिकडेच गेला.

हे सगळं झालं ड्रम सोडवण्याचं. त्याच्या आधीच्या काही गोष्टी आहेत, ज्यांच्यावर जीव अवलंबून असतो. विमान जॅकवर घ्यायचं ते शेडमध्ये, शेपूट बांधून. आपल्याकडचा वारा कधी फिरेल याचा नेम नाही. टायरमधली हवा पूर्ण काढायची, व्हॉल्व्हच्या आतली पिनसुद्धा काढून घ्यायची. बरीचशी चाकं दोन अर्ध्या भागांची, बोल्टने जोडलेली असतात. आत हवा असताना ते बोल्ट सैल केले तर चाक तोफगोळ्यासारखं फुटतं, आणि बोल्ट सोडणारा त्याच्यावर वाकलेला असतो. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असतं, म्हणून ब्रेकची धूळ कधीही हवेच्या झोताने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं बांधून फेकायचं.

ड्रम कुठल्या कोनात बसला होता त्याची खूण करून ठेवायची, कारण चाकाचा तोल त्या जोडीने साधलेला असतो. खूण शिसपेन्सिलीने मात्र करायची नाही. तुम्हाला गंमत वाटेल, पण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि अॅल्युमिनियम यांच्यातही तीच बॅटरी होते आणि त्या रेघेवर धातू खाल्ला जातो. साधा खडू वापरा.

आणि ड्रम बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही. कुणालाही दाबू द्यायचा नाही. फुगणाऱ्या नळीला ड्रमची भिंतच आवरून धरत असते. भिंत नसली की ती फुग्यासारखी बाहेर येते आणि तेलाचा फवारा उडतो. मी कॉकपिटच्या दांड्याला एक लाल फडकं बांधायचो, तरी एकदा एका उत्साही पाहुण्याने दाबलाच.

सुटलेला ड्रम पुसून उजेडात धरा. आतली भिंत आरशासारखी नसली तरी सारखी हवी. कडेला बोटाचं नख अडकेल अशी पायरी पडली असेल, तर शू घासून घासून मधला भाग खोल गेलाय. ही पायरीच पुष्कळदा ड्रम अडकवते, कारण शू तिच्या आड बसतात. म्हणून ड्रम ओढायच्या आधी ब्रेकची जुळणी सैल करावी लागते. शेजारच्या पोराने नेमकं तेच केलं नव्हतं. केबलचा नट चार फेरे सोडल्यावर त्याचा ड्रम निम्मा सुटला.

भेगा बघण्याची जुनी रीत घरच्या घरी करता येते. ड्रम रॉकेलमध्ये बुडवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ फासा. वाळल्यावर जिथे भेग आहे तिथे आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर पाझरतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. उडणाऱ्या विमानासाठी आता याहून अचूक तपासण्या आहेत आणि त्या परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय चालत नाहीत. पण ती रेघ उमटताना एकदा बघावी.

ड्रम लंबगोल झालाय का ते डायल गेज लावून चाक फिरवत बघतात. झाला असेल तर लेथवर थोडा कातता येतो, पण ठरलेल्या मापापर्यंतच. त्यापुढे ड्रम पातळ होतो, आणि पातळ ड्रम लवकर तापतो. तापणं का वाईट? ३०० मिलिमीटरचा ड्रम अडीचशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास जवळजवळ एक मिलिमीटरने वाढतो, म्हणजे तो शूपासून लांब पळतो. पायलट दाबतोय, पट्टी खाली जातेय आणि विमान काही थांबत नाही. पुढे विमानांनी ड्रम सोडून डिस्क ब्रेक धरले त्याचं हे एक मोठं कारण.

परत बसवताना घाई नको. चाकातली खाच बारीक पॉलिश पेपरने साफ करायची, वायर ब्रश नको, त्याच्या लोखंडाचे कण मागे राहतात. उघड्या पडलेल्या धातूवर संरक्षक थर द्यायचा आणि दोन धातूंच्या मध्ये जिंक क्रोमेटसारखा लेप पातळ लावायचा, म्हणजे बॅटरीच तयार होणार नाही. हा लेप विषारी असतो, हातमोजे घाला. ड्रम आदल्या रात्री फ्रीजरमध्ये. उणे १८ अंशांत तो आणखी ०.१७ मिलिमीटर आकसतो. आमच्याकडे एकाने तो सुरमईच्या शेजारी ठेवला होता आणि घरी बोलणी खाल्ली. सकाळी चाक तापवायचं, खडूच्या खुणा जुळवायच्या आणि ड्रम सोडायचा. सरळ गेला तर हाताने जातो. गेला नाही तर ठोकायचा नाही, बाहेर काढून चाक पुन्हा तापवायचं. आपल्या दमट हवेत गार ड्रमवर लगेच दव धरतं, ते पुसल्याशिवाय आत घालू नका, नाहीतर पुढच्या गंजाचं बी आपणच पेरलं.

मग बेअरिंग. जुनं ग्रीस रॉकेलने धुवायचं, नवीन ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधून पलीकडे दिसेपर्यंत दाबायचं. ड्रमला ग्रीसचं बोट लागलं तर ब्रेक गेलाच म्हणून समजा. आसाचा नट चाक फिरवत आवळायचा, मग थोडा मागे सोडायचा, आणि नवीन कॉटर पिन घालायची. जुनी पिन सरळ करून परत वापरणाऱ्यांना मी दारात उभं करत नाही. तेल भरताना विमानाच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरायचं. खनिज तेलासाठीच्या रबराला गाडीचं ब्रेक ऑइल लागलं की ते फुगून बसतं, आणि उलट केलं तरी तीच गत.

दोन्ही चाकं एकाच वेळी करायची. एका बाजूचा ब्रेक नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असला की शेपटीवर बसणारं विमान एका पायावर गिरकी घेतं, किंवा नाकावर पडतं आणि पंखा वाकतो. हवाई दलाने आजही टायगर मॉथ आणि हार्वर्ड जपलीत. २०१८ पासून त्यांच्यात व्हीपी ९०५ क्रमांकाचं डाकोटाही आहे, नाव परशुराम. आपली भूमी ज्याने समुद्र हटवून काढली म्हणतात त्याचंच. तिघंही शेपटीवर बसणारीच.

पहिल्यांदा विमान जमिनीवर हळूहळू चालवून, चार-पाच वेळा हलका ब्रेक मारून आणायचं. थांबलं की हाताची पालथी बाजू एकेका ड्रमजवळ न्यायची, टेकवायची नाही. दोन्हीकडे सारखी ऊब हवी. एक गार असेल तर तो धरत नाही. एक जास्त गरम असेल तर तो सोडत नाही.

आणि पावसाळ्यात उभं करून ठेवताना ब्रेक लावून ठेवायचा नाही. ओल्या हवेत अस्तर ड्रमला चिकटून बसतं. चाकाच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे घालायचे. माझ्याकडची जोडी फणसाच्या लाकडाची आहे. सध्या ती शेजारच्या स्कूटरखाली आहे.